टॉवर आपली ओळख का सांगतो?

आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जीएसएम (२जी मोबाइल तंत्र) मॉड्यूल, म्हणजे सिम घालून मोबाइल नेटवर्क वापरणारा भाग, जोडून ‘एटी+सीओपीएस=?’ ही ‘आजूबाजूला कोणती नेटवर्क आहेत?’ असं विचारणारी कमांड पाठवली की सिरीयल मॉनिटर, म्हणजे उत्तर दाखवणारी संगणकावरची खिडकी, बराच वेळ कोरा राहतो. कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. पहिल्या वेळी मी वायरी पुन्हा तपासायला घेतल्या होत्या, तेवढ्यात ओळ उमटली: कंसात एक अंक, नेटवर्कचं नाव, मग पाच-सहा आकडी क्रमांक. अंक १ म्हणजे उपलब्ध, २ म्हणजे आत्ता जोडलेलं, ३ म्हणजे या सिमला मज्जाव.

या ओळीमागे दोन इतिहास आहेत आणि दोन्ही २००५ साली इटलीतल्या इव्हरेआत सुरू झालेल्या आर्डुइनोहून जुने आहेत.

एक कमांडचा. १९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम, म्हणजे संगणकाला फोनलाइनशी जोडणारं यंत्र, आला आणि संगणकाच्या ज्या तारेतून माहिती जायची, त्याच तारेतून मोडेमला हुकूमही देता येऊ लागले. ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष दे. ही बोली इतकी रुळली की जीएसएमच्या मानकातही तीच घेतली गेली. मोबाइलच्या कमांड तेवढ्या ‘+सी’ने सुरू झाल्या. साधा मजकूर असल्यामुळे २ किलोबाइट रॅमच्या ‘उनो’ या आर्डुइनो बोर्डालाही तो पेलतो. रेडिओचं अवघड काम सगळं मॉड्यूलच्या आत चालतं.

दुसरा इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो, कारण टॉवरनं ओळख सांगितलीच नसती तर विचारून काय मिळालं असतं? ऐंशीच्या दशकात ब्रिटनची ‘टॅक्स’ आणि जर्मनीची ‘सी-नेट्झ’ या मोबाइल फोनच्या यंत्रणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. सीमा ओलांडली की फोन मुका व्हायचा. १९८२ साली सीईपीटी या युरोपीय टपाल-दूरसंचार खात्यांच्या संघटनेनं गट नेमला तो सगळ्या युरोपला चालेल असं एक मानक घडवायला; तेच जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल लागला. आता परक्या देशात उतरलेल्या फोनला आजूबाजूला कुणाचं नेटवर्क आहे हे कळणार कसं? टॉवरनंच सांगायला हवं. म्हणून प्रत्येक सेल, म्हणजे टॉवरनं व्यापलेला एकेक भाग, देशाचा, कंपनीचा, विभागाचा आणि स्वतःचा क्रमांक सतत प्रसारित करत असतो. फिनलंडचा २४४, इटलीचा २२२. स्कॅन करताना मॉड्यूल एकेका चॅनलवर कान देतं, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या मूळ पट्ट्यातच असे १२४ चॅनल आहेत. वेळ जातो तो इथं.

क्रमांक हवेतून येतो, पण नाव बरेचदा मॉड्यूलच्या आतल्या यादीतून. यादी जुनी असेल तर नव्या कंपनीच्या जागी नुसते आकडे दिसतात. मी तरी आकड्यांवरच भिस्त ठेवतो.

काही देशांत २जी बंद झालंय. तिथं फक्त २जी जाणणाऱ्या मॉड्यूलची यादी रिकामी येते. ४जी मॉड्यूलला मात्र तीच जुनी कमांड चालते. ओळीच्या शेवटी तंत्र सांगणारा एक अंक तेवढा येतो: जीएसएमला ०, एलटीईला (४जी) ७.