कन्व्हर्टर की झिंक प्रायमर? आधी पत्रा बघा

जुन्या गाडीचं दार उघडून खालची कड बघितली की तपकिरी फोड दिसतात. अशा वेळी दोन डबे हमखास एकमेकांच्या जागी वापरले जातात: रस्ट कन्व्हर्टर आणि झिंक प्रायमर. दोन्ही ‘गंजावरचेच’ म्हणून ही गल्लत होते. खरं तर एकाला काम करायला गंज लागतो आणि दुसऱ्याला तो मुळीच चालत नाही.

कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्याच्याशी या आम्लाची क्रिया होऊन स्थिर संयुग तयार होतं. टॅनिकचा डबा असेल तर तपकिरी डाग बघता बघता निळसर काळा पडतो. लोखंड आणि टॅनिन यांच्यातूनच जुन्या काळची काळी शाई बनायची, तोच हा रंग. पण ही क्रिया गंजाच्या पातळ, घट्ट बसलेल्या थरापुरतीच होते. पापुद्रे सुटत असतील तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि त्याखाली गंज चालूच राहतो. म्हणून आधी वायर ब्रशने खरवडायचं, तेलकटपणा पुसायचा आणि मगच कन्व्हर्टर लावायचा. उलट चकचकीत कोऱ्या पत्र्यावर कन्व्हर्टर लावला तर त्याला बदलायला काहीच मिळत नाही. मी एकदा घासून लख्ख केलेल्या मडगार्डवर तो लावला होता. दुसऱ्या दिवशीही बोट चिकटत होतं आणि शेवटी सगळं पुन्हा घासावं लागलं.

झिंक प्रायमर वेगळ्या तऱ्हेने राखण करतो. जस्त लोखंडापेक्षा सहज झिजतं: त्याचा प्रमाण विभव (धातू किती सहज झिजतो ते सांगणारा आकडा; जितका जास्त उणे, तितकं झिजणं सोपं) उणे 0.76 व्होल्ट, लोखंडाचा उणे 0.44. ओलावा पोचला की आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. खडा लागून बारीक ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त ती जागा काही काळ सांभाळतं. साध्या रंगाला हे जमत नाही. मात्र त्यासाठी जस्ताचे कण एकमेकांना आणि पत्र्याला प्रत्यक्ष टेकलेले हवेत, म्हणूनच या प्रायमरच्या सुकलेल्या थरात वजनाने बहुतांश जस्तच असतं. मध्ये गंज, जुना रंग किंवा कन्व्हर्टरचा काळा थर आला की विजेची वाट तुटते आणि महागडा डबा साध्या रंगासारखा उरतो. ‘आधी कन्व्हर्टर, वर झिंक, म्हणजे डबल सुरक्षा’ हा हिशेब इथेच फसतो.

डब्यावर नुसतं ‘झिंक’ वाचून घेऊ नका. झिंक फॉस्फेटचा प्रायमरही चांगला असतो, पण तो गंज रोखणारं रंगद्रव्य वापरतो. जस्ताचा बळी देऊन पत्रा वाचवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पत्रा घासून कोरा करता येत असेल तर तोच मार्ग घ्यावा आणि वर झिंक किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा) प्रायमर द्यावा. कन्व्हर्टर राखून ठेवावा तो खोल खड्ड्यांसाठी, जिथे पॉलिश पेपर पोचत नाही आणि लोखंडात रुतलेला गंज निघत नाही. त्यावर काय चालतं ते डब्याच्या सूचनेत बघून घ्या, कारण आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट कडक होत नाही.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत गेला किंवा भोक पडलं, तर यातलं काहीच कामाचं नाही. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. दाराच्या आतल्या दुमडीत तर ब्रशही जात नाही. तिथे पातळ मेण फवारा आणि खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली की पाणी आत साचतं, आणि बाहेरून कितीही छान रंग दिला तरी कड आतूनच सडत जाते.