एक आणि दोन शेजारी नाहीत

लातूरच्या एका शिकवणी वर्गाची रस्त्यापलीकडे नवी इमारत झाली. जुनीतल्या संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, १९२.१६८.१.० च्या पट्ट्यात, नवीतल्यांचे १९२.१६८.२.० च्या. हजेरीचा सर्व्हर जुन्या इमारतीत, आणि नव्या इमारतीतून तो काही केल्या उघडेना. मी पोचलो तेव्हा रॅकला लिंबू-मिरची टांगलेली होती. मनापासून सांगतो, पाकिटाला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, नजर लागत नाही. ते अडतं ते कुणीतरी लिहिलेल्या नियमामुळे, आणि तो नियम वाचता येतो.

सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, परवानगी होती १९२.१६८.१.०/२३ ला. लिहिणाऱ्याचा हिशोब असा: /२४ म्हणजे २५६ पत्ते, /२३ म्हणजे दुप्पट, तेव्हा १ आणि २ दोन्ही आले. तसं होत नाही, आणि का होत नाही हाच या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग.

१९७२ पासून आपण पिनकोड लिहितो. ४१३ दिसलं की टपाल लातूरच्या बाजूला, ४३१ दिसलं की संभाजीनगर-नांदेडकडे. पुढचे आकडे नंतर बघतात. आयपी पत्त्याचंही तसंच, फक्त इथे ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आकडे, असतात, चार भागांत आठ-आठ, आणि डावीकडून किती जुळायला हवेत हे तिरप्या रेघेनंतरचा आकडा सांगतो. २३ म्हणजे पहिले दोन भाग पूर्ण, १६ बिट, आणि तिसऱ्या भागातले सात. आता तिसरा भाग द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, मांडा:

० = ००००००००
१ = ०००००००१
२ = ००००००१०
३ = ००००००११

शेवटचा बिट झाका. ० आणि १ सारखे दिसतात, २ आणि ३ सारखे दिसतात. १ आणि २ वेगळेच राहतात. म्हणजे ही जोडी एका /२३ मध्ये कधीच बसणार नाही. त्या यंत्राने १९२.१६८.१.०/२३ चा अर्थ मुकाट्याने १९२.१६८.०.०/२३ असा लावला होता आणि नवी इमारत बाहेर राहिली. /२२ लिहिलं असतं तर काम झालं असतं, पण ० आणि ३ चे पट्टेही विनाकारण उघडे पडले असते. मी /२४ चे दोन नियम लिहिले. लागेल तेवढंच दार उघडावं.

मग नव्या इमारतीतून सर्व्हरला पिंग दिला, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटं पाकीट पाठवलं. तरी पिंगला उत्तर नाही! नियमाला किती पाकिटं लागू झाली ते मोजणारा काउंटर मात्र वाढत होता, म्हणजे पाकीट पोचत होतं, परत येत नव्हतं. सर्व्हर उत्तर देत होता १९२.१६८.१.१ या इंटरनेटच्या राउटरला (पाकिटाला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्राला), कारण अनोळखी पत्त्यासाठी त्याला तेवढीच वाट ठाऊक. त्या राउटरला नव्या इमारतीची वाट ठाऊक नव्हती, म्हणून तो ते बाहेर इंटरनेट कंपनीकडे ढकलायचा. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पट्ट्यातलं पाकीट तिथून पुढे जात नाही. त्या राउटरवर एकच स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेली वाट, लागला: १९२.१६८.२.०/२४ साठी १९२.१६८.१.२ कडे जा. हा दुसरा पत्ता नव्या इमारतीच्या राउटरचा, जुन्या बाजूचा.

पिंगला लगेच उत्तर आलं. मग रूट सेव्ह केला, राउटर मुद्दाम बंद-चालू केला आणि पुन्हा पिंग दिला, कारण काही राउटर सेव्ह न केलेला रूट लाईट गेली की विसरतात आणि तिथे लाईट रोज जाते.