माशीची प्लीहा, मुंगीचं पित्त

‘हाबेत एत मुस्का स्प्लेनेम’, म्हणजे माशीलाही प्लीहा असते. ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आलेल्या या म्हणीच्या जोडीला मुंगीलाही पित्त असल्याचं सांगणारी आणखी एक म्हण आहे. डच विद्वान इरास्मसने १५०० पासून प्रसिद्ध केलेल्या ‘आदाजिया’ या म्हणींच्या संग्रहात दोन्ही सापडतात. रोख एकच: प्लीहा-पित्त म्हणजे राग, आणि तो क्षुल्लक जीवालाही येतो. आपलंही पित्त खवळतंच की!

माशी चिरून पाहिली, तर प्लीहा मिळणार नाही. आपली प्लीहा जुन्या तांबड्या पेशी गाळून काढते. माशीत त्या पेशीच नसतात. प्राणवायू श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट ऊतींपर्यंत जातो आणि पाठीलगतची एक लांबट नळी रक्तद्रव पुढे ढकलते. यकृत आणि पित्ताशयही नाही.

मुंगीच्या रागाचं रसायन मात्र खरं आहे. फॉर्मिका वंशाच्या मुंगीला नांगी नसते. ती आधी जबड्याने कातडी फोडते, मग पोट पायांमधून पुढे वळवून जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारते. विषात त्याचं प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत जातं. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या या आम्लाविषयी १६७१ मध्ये लिहिलं. पण प्रत्येक मुंगी आम्लच सोडते असं नाही. फायर अँट या डसणाऱ्या मुंगीच्या विषात मुख्यतः अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्यं असतात आणि ते विष नांगीतून कातडीच्या आत जातं. आम्ल मारायला म्हणून वरून खाण्याचा सोडा चोळून तिथे फारसं काही साधत नाही.

‘इन्रिताबिस क्राब्रोनेस’, गांधीलमाश्यांना डिवचशील, हा इशारा प्राचीन रोमन नाटककार प्लाउटुसच्या ‘आम्फित्रुओ’ नाटकात सोसिया हा गुलाम आपल्या मालकाला देतो. प्लीहा-पित्तापेक्षा हे निरीक्षण कितीतरी पक्कं. युरोपातल्या मोठ्या गांधीलमाशीच्या विषात धोक्याचा गंध असतो. घरट्याजवळ एक जरी चिरडली, तरी तो हवेत पसरतो आणि बाकीच्या बाहेर पडतात. मधमाशीची काटेरी नांगी माणसाच्या कातडीत अडकून राहते. गांधीलमाशीची अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुनःपुन्हा डसते.

घरट्यापाशी हात झाडणं, फुंकर मारणं, फांदी हलवणं टाळावं आणि सावकाश मागे सरावं. हल्ला सुरूच झाला, तर तोंड झाकून लांब पळावं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरावं. डंखानंतर ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावं. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं.