कॅरियरवरच्या पिशव्यांमुळे सायकल खरोखर डगमगते का?

कॅरियरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या की सायकल डगमगते, म्हणून सामान पाठीवरच्या सॅकमध्येच न्यावे, हा समज सायकलस्वारांमध्ये फार वर्षे टिकून आहे आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. सॅकचे ओझे खोगिराच्याही वर राहते, त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो आणि खांदे, कंबर व बैठक यांवर ताण येतो. रोजच्या अर्ध्या तासात हे जाणवत नाही, दिवसभराच्या भटकंतीत मात्र चांगलेच जाणवते. डगमग होते ती पिशवीचे हुक सैल राहिल्याने, वजन एकाच बाजूला पडल्याने किंवा कॅरियर तकलादू असल्याने. कॅरियरवर भारमर्यादा बहुधा छापलेली असते; ती आधी वाचावी. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ ठेवाव्यात.

सायकल निवडताना मात्र दक्षता हवी. मागच्या आसाजवळ आणि खोगिराखाली कॅरियरसाठी आटे पाडलेली छिद्रे आहेत का, ते पाहावे. पेडलपासून मागचे चाक फार जवळ असल्यास प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटते. म्हणून पिशवी लावून, नेहमीचे बूट घालून सायकल चालवून पाहावी. अशी एकच सायकल कार्यालयालाही पुरते आणि शनिवार-रविवारच्या प्रवासालाही.