पांढऱ्या साक्यामागचे समीकरण

ठाणे खाडीचे गाळलेले पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थोडे थेंब सोडले, की फुटलेल्या दह्यासारखा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, दिसू लागतो. दहावीचा विद्यार्थी हाच प्रयोग मिठाच्या पाण्यावर करून एका ओळीत लिहितो (↓ ही अवक्षेपाची खूण):

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड↓ + सोडियम नायट्रेट

ही ओळ घडायला सुमारे पावणेतीनशे वर्षे लागली. फ्रान्सचे रसायनतज्ज्ञ जाँ बेगँ यांनी १६१५ मध्ये दोन संयुगांनी घटकांची केलेली अदलाबदल आकृतीने दाखवली. दोन्ही बाजूंच्या समतोलाचा आग्रह मात्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए यांचा. अभिक्रियेपूर्वीचे व नंतरचे वस्तुमान सारखेच असते, हे त्यांनी १७८९ च्या ग्रंथात ठामपणे मांडले. मूलद्रव्यांची अक्षरचिन्हे १८१३-१४ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी दिली.

मॅग्नेशियम क्लोराइड घेतले की गोंधळ सुरू होतो. त्यात क्लोरीनचे दोन अणू असल्यामुळे पुष्कळ मुले सिल्व्हर क्लोराइडच्या सूत्रातच क्लोरीनखाली २ लिहितात आणि अस्तित्वात नसलेला पदार्थ तयार करतात. सूत्र पदार्थाच्या घडणीने ठरते, त्याला हात लावायचा नसतो. बदलायचा तो सूत्राआधीचा आकडा, म्हणजे सहगुणक:

मॅग्नेशियम क्लोराइड + २ सिल्व्हर नायट्रेट → २ सिल्व्हर क्लोराइड↓ + मॅग्नेशियम नायट्रेट

१८८७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी विद्राव्य क्षार पाण्यात आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपात सुटे होतात असे मांडले, आणि माझ्या मते अवक्षेपणाचा खरा उलगडा तिथे झाला. सोडियम, मॅग्नेशियम आणि नायट्रेट हे आयन द्रावणात जसेच्या तसे राहतात, त्यामुळे वरच्या दोन्ही समीकरणांचा गाभा एकच उरतो: सिल्व्हर आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड↓. खाडीच्या पाण्यातला क्लोराइड कोणत्या मिठातून आला, याने अवक्षेपाला काही फरक पडत नाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला या सहगुणकांचे मोल सांडपाण्याच्या उदाहरणावरून चटकन पटते. सांडपाण्यातील त्रिसंयुजी क्रोमियम चुन्याने अवक्षेपित करताना समीकरण असे होते:

क्रोमियम सल्फेट + ३ कॅल्शियम हायड्रॉक्साइड → २ क्रोमियम हायड्रॉक्साइड↓ + ३ कॅल्शियम सल्फेट

म्हणजे १०४ ग्रॅम क्रोमियमसाठी किमान २२२ ग्रॅम भिजवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) लागतो; ३ हा सहगुणक विसरणाऱ्याच्या हिशेबात तो ७४ ग्रॅमच भरतो आणि बरेचसे क्रोमियम पाण्यातच राहते.