साहाय्यक टी पेशींच्या प्रतिसादाचे मापन

विषाणुसंसर्गानंतर अथवा लसीकरणानंतर रक्तातील साहाय्यक टी पेशींपैकी (इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या, पृष्ठभागावरील सीडी4 या खुणेवरून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती पेशी त्या विषाणूला ओळखतात आणि ओळख पटल्यावर काय करतात, हे ठरविण्याच्या प्रयोगशालेय पद्धती. सीडी4 गणना ही त्यांहून निराळी. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांमुळे सांगली-मिरजेकडे ‘सीडी4 रिपोर्ट’ सर्वांच्या ओळखीचा आहे. भारतात 2004 मध्ये मोफत एचआयव्ही उपचार सुरू झाले, तेव्हा घनमिलिमीटरमागे 200 हून कमी पेशी हा मुख्य निकष होता. 2017 पासून आकड्याची अट उरली नाही. या रिपोर्टातून पेशींची एकूण संख्या कळते, त्यांतील विषाणुविशिष्ट पेशी किती हे कळत नाही. संसर्ग ओसरल्यावर अशा पेशी बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतात.

सर्वाधिक रूढ पद्धत एलिस्पॉट, म्हणजे पेशींचा स्राव रंगीत ठिपक्यांच्या रूपात मोजणारी चाचणी. हिच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. पर्थचे (ऑस्ट्रेलिया) जोनाथन सेजविक व पॅट्रिक होल्ट आणि स्वीडनमधील सेसिल चेर्किन्स्की व सहकारी यांनी 1983 मध्ये एकाच नियतकालिकात, परंतु स्वतंत्रपणे ती मांडली. खंडक्रम पाहता सेजविक-होल्ट यांचा लेख आधीचा. रूढ झालेले नाव मात्र चेर्किन्स्की गटाचे. नील्स येर्ने यांच्या 1963 मधील प्लाक चाचणीत (प्रतिपिंड स्रवणाऱ्या पेशी मोजण्याची जुनी पद्धत) मूळ कल्पना आली होती, असेही म्हटले जाते. ते तत्त्वापुरते ग्राह्य वाटते, कारण तेथे तांबड्या पेशी फुटून पडणारी पोकळी मोजत आणि येथे विकराने उमटलेला रंग मोजतात. दोन्ही 1983 चे लेख प्रतिपिंड स्रवणाऱ्या पेशींविषयी होते. टी पेशींच्या इंटरफेरॉन-गॅमासाठी (उद्दीपित पेशी स्रवतात ते संदेशवाहक प्रथिन) ही पद्धत 1988 च्या सुमारास वापरात आली, म्हणून प्रस्तुत विषयापुरते हेच वर्ष अधिक महत्त्वाचे मानावे. तळाशी इंटरफेरॉन पकडणारे प्रतिपिंड चिकटवलेल्या खळग्यात पेशी व विषाणूची पेप्टाइडे (प्रथिनांचे लहान तुकडे) एकत्र ठेवतात. स्रवलेले इंटरफेरॉन पेशीच्या भोवतीच अडकते आणि रंग दिल्यावर तेथे मध्यभागी गडद, कडेला विरळ असा ठिपका दिसतो. निष्कर्ष दर 10 लाख पेशींमागे ठिपके असा देतात. ठिपका सीडी4 पेशीचा की सीडी8 (संसर्गित पेशी मारणाऱ्या टी) पेशीचा, हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी पेशी आधी वेगळ्या कराव्या लागतात.

हा भेद फ्लो सायटोमीटरवर (रंगीत खुणा लावलेल्या पेशी एकेक करून लेसरने तपासणारे यंत्र) होतो. ब्रेफेल्डिन-ए हे स्राव रोखणारे रसायन घालून स्राव पेशीतच अडवतात व मग आत रंगवतात. परंतु सर्वच साहाय्यक पेशी इंटरफेरॉन स्रवत नाहीत. बी पेशींना मदत करणाऱ्या पेशी त्यामुळे निसटतात. त्यांच्यासाठी ओएक्स40, सीडी40 लिगँड यांसारखी पेशीच्या पृष्ठभागावर उमटणारी सक्रियतेची चिन्हे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. 2020 मध्ये कोविडमधून बरे झालेल्या 20 जणांच्या अभ्यासात याच मार्गाने सर्वांमध्ये सीडी4 प्रतिसाद आढळला. मात्र साथीपूर्वी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांतही सुमारे 40 ते 60 टक्के व्यक्तींत तो दिसला. सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंशी असलेले साम्य हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. टेट्रामर पद्धतीत (विषाणूचे पेप्टाइड धरलेले, रंगीत खूण लावलेले एचएलए रेणू विशिष्ट पेशींना चिकटवण्याची पद्धत) पेशी उद्दीपित कराव्या लागत नाहीत, पण व्यक्तीचा एचएलए प्रकार (पेशींवर पेप्टाइडे दाखवणाऱ्या रेणूंचा आनुवंशिक प्रकार) माहीत असावा लागतो.

या चाचण्यांना जिवंत पेशी लागतात. फायकॉल या दाट द्रवावर रक्त ठेवून यंत्रात वेगाने फिरवल्यावर मधोमध जमणारा पांढुरका थर शक्यतो आठ तासांत वेगळा करावा. रात्रभर राहिलेल्या रक्तात त्या थरात ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मिसळून प्रतिसाद मंदावतो. मिरज वा कराडचा नमुना पुण्याला पाठवायचा असेल, तर पेशी आधीच वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये नेणे इष्ट. प्रतिपिंडे तपासण्यासाठीच्या रक्तद्रवाला अशी घाई नसते. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूचा पुरावा मिळाला (नमुने मार्च 2020), तोही टी पेशींच्या नव्हे, तर प्रतिपिंडे व आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) यांच्या स्वरूपातच.