माउंटन क्लाइंबर (व्यायाम)

माउंटन क्लाइंबर : दोन्ही तळहात टेकवून, शरीर ताठ ठेवून गुडघे आळीपाळीने छातीकडे ओढण्याचा, साधनांशिवाय करायचा व्यायाम. यात दम लागतो आणि पोट-कंबरेचे स्नायूही (कोअर) राबतात. मुळात हा हलता प्लँक (हात आणि पायांची बोटे टेकवून शरीर फळीसारखे ताठ, स्थिर धरणे) आहे. ज्याला प्लँकमध्ये अर्धा मिनिट स्थिर राहता येत नाही, त्याने पाय हलवायची घाई करू नये. सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचलनासनामुळे एक पाय पुढे, एक मागे ही ठेवण अनेकांच्या ओळखीची असते. मात्र इथे कंबर खाली सोडायची नसते आणि पुढे आलेला गुडघा लगेच मागे न्यायचा असतो.

मनगटे खांद्यांच्या खाली, बोटे पसरलेली, नजर हातांच्या जरा पुढे, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेषा. पोटाचे सरळ, आडवे व तिरके स्नायू कणा जागेवर धरतात, जांघेतले स्नायू मांडी उचलतात, खांदे आणि दंड भार पेलतात. एवढे स्नायू एकदम कामाला लागल्याने हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात.

नवशिक्याने जमिनीवरून सुरुवात करूच नये. हात जितके उंचावर टेकवावे, तितका मनगटांवर आणि पोटावर भार कमी येतो. ठाण्यात उपवन किंवा कचराळी तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांना एखादा पक्का कट्टा किंवा बाक त्यासाठी पुरतो. घरी स्वयंपाकाचा ओटा चालतो, चाकांचे टेबल अजिबात नाही. गुडघा चालण्याच्या लयीत आणावा, पळण्याच्या नव्हे. २० सेकंद व्यायाम, ४० सेकंद विसावा, अशा तीन-चार फेऱ्या सुरुवातीला पुष्कळ झाल्या. कंबर खचू लागली किंवा पार्श्वभाग वर जाऊ लागला की घड्याळात सेकंद उरले असले तरी ती फेरी संपली. मोबाइलवरच्या व्हिडिओंतला वेग पाहून नेमके हेच विसरले जाते.

श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो. फेरीनंतर थोड्या विसाव्यानेही छोटे वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा.

ठाण्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, शरीर उशिरा थंड होते आणि तेवढ्याच श्रमाला ठोके जास्त पडतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये उन्हाने तापलेल्या गच्चीपेक्षा पहाटेची वेळ बरी. पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळावेत. घरात गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून पाय सटकतो, त्यापेक्षा रबरी मॅट आणि बूट चांगले. पाय आपटत केल्यास खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन येतात, आणि ती रास्तच असते : आवाज येतो म्हणजे पावलावर ताबा नाही.

मनगटाचे दुखणे, हर्निया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण किंवा नुकतेच झालेले बाळंतपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये. छातीत दुखणे, चक्कर, किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ आल्यास तत्काळ थांबावे. छातीतले दुखणे विसाव्यानेही थांबले नाही, तर थेट रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल, शिवाय किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला आहे (२०२०). माउंटन क्लाइंबरच्या काही मिनिटांनी हा हिशेब भरत नाही. तलावाभोवतीच्या फेऱ्या सुरूच ठेवाव्या लागतात.